टाके निघाले, पण अंगात त्राण नाही: मोठ्या ऑपरेशननंतरच्या थकव्याशी कसं वागावं

टाके निघाले की माणूस बरा झाला, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. मीही धरलं होतं. चौदाव्या दिवशी टाके काढून आम्ही टॅक्सीने घरी आलो आणि चाळीच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर मी पायरीवरच बसले. जखम दुखत नव्हती, ताप नव्हता, पण पुढची पायरी चढायला पायात जीवच नव्हता. वरून शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, टाके निघाले ना? मग आता काय होतंय?" त्यांनी काळजीनेच विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही, कारण काय होतंय ते मलाच कळत नव्हतं.

मी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. जुलैच्या अखेरीस माझ्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला. गाठ होती, बायोप्सी सुदैवाने साधी आली. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या, ड्रेसिंग, पथ्य, पुढची तारीख सगळं होतं. थकव्याबद्दल एक ओळही नव्हती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. बायपास, गर्भाशय, गुडघा, मणका, कुठलंही मोठं ऑपरेशन असो, यातलं बरंचसं लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे. आणि तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

हा थकवा येतो कुठून

ऑपरेशन म्हणजे शरीराच्या दृष्टीने मोठी जखमच. भूल दिलेली असली तरी शरीर त्या जखमेची नोंद घेतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, सूज आणणारी रसायनं रक्तात फिरतात, मेंदूपर्यंत पोहोचतात आणि 'पडून राहा' असा निरोप देतात. फ्लूमध्ये अंग टाकून द्यावंसं वाटतं त्यामागेही हीच रसायनं असतात. त्यातच दुरुस्तीला लागणारा माल शरीर स्वतःच्या स्नायूंतून काढतं. १९३० च्या दशकात ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन यांनी हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजला. तो इतका जास्त होता की एकट्या जखमेतून येणं शक्य नव्हतं. सगळ्या अंगातले स्नायू झिजून तो येत होता. माझ्या मांड्या आरशात बारीक दिसायला लागल्या तेव्हा मला ते आठवलं.

शिवाय पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात, आणि साठीनंतर तर फारच भरभर. ऑपरेशनात रक्त गेलेलं असतं. वॉर्डात झोप झालेली नसते. तोंडाला चव नसते म्हणून खाणं निम्म्यावर आलेलं असतं. दुखण्याच्या गोळ्यांनी गुंगी येते. हे सगळं एकावर एक चढतं, म्हणून थकवा जखमेच्या दुखण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस रेंगाळतो. सहा ते आठ आठवडे तर धराच. बऱ्याच जणांना तीन महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. याला आळस म्हणणाऱ्याला हा परिच्छेद वाचून दाखवा.

पहिली पायरी: थकव्यामागे दुसरं काही नाही ना, ते बघा

आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय आहे, बायकांना तर विशेष. पण 'ऑपरेशन झालंय, थकवा असणारच' म्हणून सगळंच त्या खात्यावर टाकू नका.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी, करायची का, ते विचारा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. माझं ९.२ निघालं होतं. सोबत साखर, सोडियम-पोटॅशियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांपैकी तुम्हाला काय लागू पडतं, ते डॉक्टर ठरवतील. बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तो भाग किंवा जठर काढलेलं असेल, तर ते पुढेही अधूनमधून तपासावं लागतं, कारण शरीरातला साठा हळूहळू संपतो आणि कमतरता उशिरा दिसते. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनाही हे लक्षात ठेवायला हवं.

लोहाची गोळी मिळाली तर ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लिंबू सरबत किंवा मोसंबीबरोबर ती चांगली शोषली जाते. शौचाला काळपट होईल, त्याला घाबरू नका. मात्र डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं शौच झालं तर ते रक्त असू शकतं, लगेच कळवा.

सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि स्पष्ट विचारा, "यातल्या कुठल्या गोळीने मला सुस्ती येते?" ट्रामाडॉल, प्रेगाबालिन यांनी गुंगी येते. बायपासनंतर देतात त्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी नाडी मंदावते आणि गळून गेल्यासारखं वाटतं. पण मनाने एकही गोळी बंद करू नका. हृदयाची तर मुळीच नाही. डोस किंवा वेळ बदलून पुष्कळदा भागतं.

आणि पुढचं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, जखम लाल होणं, तीतून पू किंवा घाण पाणी येणं, उलट्या, पोट फुगून गॅसही न सरणं, गोंधळल्यासारखं बोलणं, कालपर्यंत जमत होतं ते आज अचानक न जमणं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली तर रक्ताची गाठ असू शकते. ती मालिश करून जिरवायची गोष्ट नाही, त्याच दिवशी दाखवा. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, धडधड थांबेना किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा. हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांनी रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाने नसतं, अंगात पाणी साठतंय असं समजून कळवावं.

बरा दिवस जास्त सांभाळायचा

मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते इथे आहे.

गणपती आले तेव्हा ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. त्या सकाळी मला इतकं बरं वाटत होतं की मी जाऊबाईंना म्हटलं, मोदक मीच करते. उकड काढली, गरम गरम मळली, ओट्याशी उभं राहून वळायला घेतले. पहिल्या दहा मोदकांच्या कळ्या नेहमीसारख्या पडल्या. अकराव्याच्या कळ्या मिटेनात. उकड कोरडी झाली असं वाटून मी पाण्याचा हात लावला, तरी तेच. मग लक्षात आलं, उकड ठीक होती, माझ्या चिमटीतच जोर उरला नव्हता. तरी उसनं अवसान आणून एकवीस पुरे केले. आरतीला उभी राहिले. दुसऱ्या दिवशी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पुढचे तीन दिवस मी अंथरुणातून फक्त बाथरूमपुरती उठले.

वाईट दिवशी माणूस आपोआप पडून राहतो, त्या दिवसाचं भय नाही. बरं वाटणाऱ्या दिवशी साठलेली सगळी कामं आपण एका दमात उरकतो आणि त्याचं व्याज पुढचे दोन-तीन दिवस फेडतो. मग त्या पडून राहण्याने स्नायू आणखी झिजतात आणि पुढच्या बऱ्या दिवशी ताकद आधीपेक्षा कमीच असते.

यावर उपाय म्हणून मी वही घातली. शाळेची शंभर पानी साधी वही. रोज रात्री चारच गोष्टी: किती चालले, कुठलं काम केलं, झोप किती, आणि थकवा शून्य ते दहापैकी किती. आठवडाभराने पानं चाळली की खड्डे दिसायला लागतात. माझे तीन दिसले. आंघोळीनंतरचा अर्धा तास, दुपारी चारची वेळ, आणि पाहुणे येऊन गेल्यावर.

मग उद्याचा वाटा आदल्या रात्रीच ठरवायचा. ठरवताना बरा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचा नाही, मधला दिवस ठेवायचा. म्हणजे दोनदा चालणं, आंघोळ, भाजी निवडणं, एक फोन. इतकंच. उद्या अंगात हत्तीचं बळ आलं तरी त्याच्या वर काही नाही. सलग तीन-चार दिवस तेवढं करून थकवा वाढला नाही, तरच थोडी भर घालायची. हे पाळणं फार जड जातं. घर आवरलेलं नसताना अंगात बळ असून बसून राहणं आपल्या हाडात नाही. पण मला ज्याने खरोखर फरक पडला ते हेच.

चालणं

पूर्वी मोठ्या ऑपरेशननंतर रुग्णाला दिवसेंदिवस निजवून ठेवत. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात लवकर उठवा, लवकर खायला द्या, दुखणं नीट आवरा, अशी पद्धत मांडली आणि आता ती जगभर रुळली आहे. म्हणून दुसऱ्याच दिवशी सिस्टर तुम्हाला उभं करतात, तेव्हा त्यांना निर्दय म्हणू नका.

घरी आल्यावर पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, इथून सुरुवात करा. एकदम वीस मिनिटं चालण्यापेक्षा पाच-पाच मिनिटांच्या चार खेपा चांगल्या. आमच्या चाळीची गॅलरी नवऱ्याने मेजर टेपने मोजली, २२ मीटर भरली. मी कठड्याला धरून फेऱ्या घालायचे आणि प्रत्येक फेरीला कठड्यावर कपड्याचा एक चिमटा लावायचे. पहिल्या दिवशी चार चिमटे. एक-दोन दिवसांनी एखादं मिनिट वाढवत गेलं की पाच-सहा आठवड्यांत बरेच जण सलग पंचवीस-तीस मिनिटांवर येतात. मोदकांनी मला दहा दिवस मागे नेलं, तरी तिथवर पोचले. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेरी मारायची घाई करू नका. ती सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे आणि निम्म्यावर दम संपला तर परतही तेवढंच यावं लागतं. घराजवळच येरझाऱ्या घाला.

किती जोरात चालायचं? चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. फिजिओथेरपिस्ट तुम्हाला ६ ते २० असा विचित्र तक्ता दाखवतील. तो गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाचा आहे. निरोगी तरुण माणसात त्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके येतात, म्हणून तो सहापासून सुरू होतो. ११ ते १३, म्हणजे 'हलकं' ते 'थोडं जड', एवढ्यात राहायचं. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर घड्याळातल्या नाडीवर विसंबू नका, ती गोळीने दाबलेली असते. अंगाला काय वाटतं तेच खरं.

जिना वेगळा. सुरुवातीला प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हा गुडघावाल्यांचा नियम. प्रत्येक वळणावर खुर्ची किंवा स्टूल ठेवायला शेजाऱ्यांना सांगा, चाळीत कोणी नाही म्हणत नाही. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, त्यामुळे एक हात कायम मोकळा ठेवा. छत्री आणि पिशवी दुसऱ्याकडे द्या.

घरातली ताकद वाचवा

आंघोळ हे बसून करायचं काम आहे. प्लास्टिकचं भक्कम स्टूल, खाली रबरी मॅट, कोमट पाणी. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि उठताना चक्कर येते. अंग पुसायला टॉवेलपेक्षा जुना सुती गाऊन अंगावर घालून बसलं की तो आपोआप पाणी टिपतो. आंघोळीनंतर अर्धा तास काहीही नाही.

भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना मांड्यांना दिवसातला सर्वांत जास्त जोर लावावा लागतो. कमोड खुर्ची घ्या. विकत घ्यायची गरज नाही. मुंबईत बऱ्याच मंडळांची आणि संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. तिथे अनामत भरून खुर्ची, वॉकर, डोक्याकडची बाजू वर करता येणारा फाउलर बेड मिळतो. आमच्या मंडळाकडे होतं हे मला वीस वर्षं तिथे राहून माहीत नव्हतं.

पलंगावरून सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसा, दोन मिनिटं बसूनच राहा, मग उभ्या राहा. खोकताना जखमेवर उशी दाबून धरा.

वजनाचं सर्जनना किलोत विचारा, 'जड उचलू नका' एवढ्यावर समाधान मानू नका. पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर पहिले सहा आठवडे साधारण चार-पाच किलोच्या आतच ठेवायला सांगतात. छातीचं हाड पूर्ण भक्कम व्हायला तीन महिनेही लागतात. अर्धी बादली पाणीसुद्धा सात-आठ किलो होतं. गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास, त्याला जागचा हलवायचाही नाही. सकाळी नळ आला की पिंप भरायचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर करून टाका, कायमचं, रोज विनवण्या करायला लावू नका.

खाणं

आजाऱ्याला पेज आणि वरणाचं पाणी, ही माया मला समजते. पहिले काही दिवस ते ठीकच आहे. पण महिनाभर त्यावर ठेवलं तर स्नायू भरणार कशाने? या काळात वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला रोज ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

दोन अंड्यांत १२ ग्रॅम मिळतात. शंभर ग्रॅम बांगडा किंवा सुरमईत वीसच्या आसपास, तेवढ्याच पनीरमध्ये अठरा. कपभर दुधात सहा-सात. मूठभर शेंगदाण्यांत सात. घट्ट वरणाची वाटी सहा-सात देते, वरच्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही. एका ताटात हे सगळं बसत नाही आणि पोटही थोड्यात भरतं, म्हणून दिवसाचे सहा छोटे भाग करा. माझं असं होतं: सकाळी दुधातलं नाचणीचं सत्त्व, दहाला अंडं, दुपारी मऊ भात, मेतकूट, घट्ट मुगाचं वरण आणि दही, चारला पनीरचे दोन तुकडे, रात्री मासा किंवा पुन्हा अंडं, झोपताना दूध. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनी उसळी, कच्च्या कोशिंबिरी, शेंगदाणे सर्जननी हो म्हटल्यावरच सुरू करावेत.

भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी आधी विचारावं. हृदयाची झडप बदललेल्यांना रक्त पातळ करणारी गोळी असते. पालेभाजीने तिचा असर बदलू शकतो, म्हणून त्यांनी पालेभाजी बंद करायची नाही, पण एका दिवशी शून्य आणि दुसऱ्या दिवशी जुडीभर असंही करायचं नाही.

झोप आणि माणसं

दुपारी वीस ते चाळीस मिनिटं, तीनच्या आत. गरज असेल तर सकाळी अकराला एक छोटी डुलकी आणखी. संध्याकाळी झोपलात तर रात्र उघड्या डोळ्यांनी काढावी लागेल.

बोलण्याने किती दमायला होतं ते आजारी पडल्याशिवाय कळत नाही. चाळीत दार दिवसभर उघडं असतं, येणाऱ्याला नाही कसं म्हणणार? आम्ही ठरवलं: दार लोटलेलं असेल तर मी पडले आहे. दार उघडं असेल तर या, पंधरा मिनिटं बसा. पंधरा मिनिटं झाली की जाऊबाई आतून म्हणायच्या, "वहिनी, गोळीची वेळ झाली." दोन आठवड्यांत सगळा मजला शिकला. काकू तर दार लोटलेलं दिसलं की मुलांना गॅलरीत बॅट घेऊ देत नसत.

दुपारी चारला मला रडू यायचं, कारण नसताना. असं होतं, आणि पुष्कळांचं आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर एक तासही थांबू नका.

कामावर परत

घरात सलग अर्धा तास चालणं, दोन मजले न थांबता चढणं आणि दुपारी न झोपता संध्याकाळ काढणं, ही तीन कामं सलग आठवडाभर जमली की कामाचा विचार करा. फिटनेस सर्टिफिकेट घेताना त्यावर 'हलकं काम' आणि 'उभं राहणं टाळावं' असं किती आठवड्यांसाठी, ते तारखेसह लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं शाळेत किंवा ऑफिसात कोणी धरत नाही. जमलं तर पहिला आठवडा अर्धा दिवस, आणि सुरुवात बुधवारी किंवा गुरुवारी करा, म्हणजे दोन-तीन दिवसांत रविवार येतो.

लोकलची तालीम आधी करा. मी करी रोडहून कुर्ल्याला जाते. सकाळची मुख्य गर्दी सीएसएमटीकडे असते, मला उलट दिशा, म्हणून सोपं असेल असं वाटलं होतं. दमवलं ते पुलाच्या जिन्याने. सुट्टीच्या दिवशी, दुपारी, नवऱ्याला सोबत घेऊन एकदा जाऊन आले, तेव्हा ते कळलं आणि वीस मिनिटं आधी निघायचं ठरलं. गाडी आली आणि गर्दी असली तर सोडून द्या, मागून दुसरी येतेच. चढताना पोटावर बॅग धरा, म्हणजे कोपर लागत नाही. कॅन्सरच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो, कागदपत्रांची प्रत पाकिटात ठेवा.

वर्गात मी पहिले दोन महिने खुर्चीवर बसून शिकवलं. फळ्यावर लिहायला रोज एका मुलीला बोलवायचे. त्या आता माझ्याआधी फळा पुसून, तारीख घालून तयार असतात.